लॉगिन अडकते तेव्हा : सामायिक संगणकीय दप्तराच्या बिघाडाचे निदान

कीड सर्वेक्षणाची साखळी शेतात सुरू होते, पण तेथे संपत नाही. कामगंध सापळ्यातील पतंग मोजून कृषी सहायक वहीत नोंद करतो. ती नोंद संगणकावर चढते, तिचे विश्लेषण होते आणि मग सल्ला शेतकऱ्याच्या मोबाइलवर पोहोचतो. 2008 च्या खरिपात सोयाबीनवर पाने खाणाऱ्या अळ्यांचा उद्रेक झाला. त्यानंतर 2009-10 पासून राबवल्या गेलेल्या क्रॉपसॅप प्रकल्पामुळे ही साखळी महाराष्ट्रातील विस्तार यंत्रणेच्या अंगवळणी पडली. तिच्या शेताकडील दुव्यांविषयी आपण नेहमी लिहितो व वाचतो. संगणकाकडील दुव्याची चर्चा मात्र तो तुटल्यावरच होते, आणि तीही बहुधा चुकीच्या ठिकाणी बोट ठेवून.

प्रस्तुत लेखात अशाच एका बिघाडाचे निदान मांडले आहे. संगणक चालू असतो, संकेतशब्द स्वीकारला जातो, आणि त्यानंतर पडद्यावर काहीच उमटत नाही. युनिक्स किंवा लिनक्स प्रणालीवर चालणाऱ्या सामायिक प्रयोगशाळांत हा अनुभव नवा नाही. निदानाची घाई केल्यामुळे माझ्या हातून जी चूक घडली, तीही येथे नोंदवत आहे.

सामायिक दप्तराची रचना

युनिक्स प्रणाली 1969 मध्ये बेल प्रयोगशाळेत जन्मली. तिच्यात प्रत्येक वापरकर्त्याला स्वतःची एक जागा असते, तिला होम डिरेक्टरी म्हणतात. आपल्या फाइली, आवडीनिवडी व पूर्वी दिलेल्या आदेशांचा इतिहास असे सारे दप्तर तेथे राहते. 1980 च्या दशकाच्या मध्यास सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीने नेटवर्क फाइल सिस्टिम, म्हणजे एनएफएस, ही पद्धत आणली. तिच्यामुळे हे दप्तर वापरकर्त्याच्या समोरच्या यंत्रात ठेवण्याची गरज उरली नाही. ते एका मध्यवर्ती सर्व्हरवर ठेवायचे आणि प्रयोगशाळेतील कोणत्याही संगणकावर बसले तरी तेच समोर यावे, अशी ही सोय आहे.

कृषी संशोधनात ही रचना रूढ आहे. नवी दिल्लीच्या भारतीय कृषी सांख्यिकी संशोधन संस्थेतील ‘अशोका’ हे महासंगणन केंद्र 2014 मध्ये राष्ट्राला अर्पण झाले. कीटक, पिके, पशू, मासे व सूक्ष्मजीव यांच्या जनुकीय माहितीवर काम करण्यासाठी अशा मोठ्या यंत्रणा लागतात. लहान प्रयोगशाळेतही पाच-दहा संगणक आणि एक सर्व्हर असा संसार असतोच.

सोयीबरोबर परावलंबनही येते. आपल्यासमोरचे यंत्र पूर्ण निरोगी असूनही दुसऱ्या खोलीतील यंत्र किंवा मधली तार बिघडली की आपले काम थांबते. शेतातील चारीच्या शेवटच्या टोकाला पाणी आले नाही, तर दोष शेवटच्या वाफ्यात नसून वर कोठेतरी असतो, हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. संगणकासमोर बसल्यावर मात्र आपण हे विसरतो.

गाझियाबादेतील एक सोमवार

काही वर्षांपूर्वी एका संयुक्त प्रकल्पासाठी मी गाझियाबादेत होते. हिंडन नदीपासून फार दूर नसलेल्या एका संस्थेतील प्रयोगशाळेत आठ संगणक होते आणि सर्वांची दप्तरे एकाच सर्व्हरवर होती. ऑगस्टचा महिना होता. विदर्भात कपाशी पाते-फुलांवर आली होती आणि गुलाबी बोंडअळीच्या सापळ्यांच्या नोंदी तेथील सहकाऱ्यांकडून येत होत्या. सलग तीन रात्री प्रत्येक सापळ्यात आठ किंवा अधिक पतंग सापडले की आर्थिक नुकसानीची पातळी गाठली गेली, असे आपण मानतो. त्या आठवड्यातील आकडे या पातळीजवळ आले होते.

शनिवारी रात्री विजांसह वादळ झाले आणि नेटवर्क स्विच जळाला. रविवारी दुरुस्ती कर्मचाऱ्याने नवा स्विच बसवला, दिवे हिरवे झाल्याचे पाहिले आणि तो गेला. आम्हाला कोणालाच याची कल्पना नव्हती.

सोमवारी सकाळी एक ज्येष्ठ सहकारी माझ्या आधी पोहोचले. त्यांच्या संगणकावर शनिवारचे सत्र उघडेच होते. त्यांनी सुमारे चाळीस सापळ्यांच्या तीन रात्रींच्या नोंदी तक्त्यात भरल्या, जतन करण्याचा आदेश दिला, आणि तक्ता गोठला. मी आले तेव्हा माझे लॉगिनही अडकले. संकेतशब्द स्वीकारला गेला, मागील लॉगिनची वेळ सांगणारी ओळ उमटली, आणि खाली चौकोन लुकलुकत राहिला. कंट्रोल व सी ही कळजोडी दाबून पाहिली, काही फरक पडला नाही.

मी ‘संगणक लटकला’ असे निदान केले आणि यंत्रे पुन्हा सुरू करायला घेतली. बंद होण्याची प्रक्रियाही मध्येच अडकली, तेव्हा बटण दाबून धरले. प्रथम माझे यंत्र बंद केले, मग सहकाऱ्यांचे. यंत्रे पुन्हा सुरू झाली आणि लॉगिन पुन्हा तेथेच अडकले. फरक एवढाच, की चाळीस सापळ्यांच्या नोंदी आता कोठेही नव्हत्या.

अडकणे म्हणजे काय?

त्या क्षणी मला जे ठाऊक असायला हवे होते, ते असे. एनएफएसने दप्तर जोडण्याच्या दोन रीती आहेत. ‘हार्ड’ रीतीत सर्व्हरचे उत्तर येईपर्यंत संगणक थांबून राहतो आणि तीच मागणी पुन्हा पुन्हा करतो. ‘सॉफ्ट’ रीतीत ठरावीक प्रयत्नांनंतर तो हात टेकतो आणि आज्ञावलीला चूक कळवतो. लिनक्सवर काही वेगळे सांगितले नसेल तर हार्ड रीत लागू असते, आणि टीसीपीवरील जोडणीत एका प्रयत्नाची मुदत 60 सेकंद असते.

सॉफ्ट रीत वरकरणी बरी वाटते, कारण तिच्यात यंत्र अडकून पडत नाही. परंतु फाइल अर्धवट लिहिली जाण्याचा आणि तो दोष कोणाच्या लक्षातही न येण्याचा धोका तिच्यात असतो. हार्ड रीतीत यंत्र अडकते ते आपली माहिती जपण्यासाठी. सहकाऱ्यांचा तक्ता गोठला होता, पण त्यातील नोंदी यंत्राच्या स्मृतीत शाबूत होत्या आणि सर्व्हरचा मार्ग मोकळा होण्याची वाट पाहत होत्या. मार्ग मोकळा झाला असता तर त्या आपसूक जतन झाल्या असत्या. मी बटण दाबून त्या पुसल्या.

हंगामाच्या अखेरीस बोंडात किंवा सरकीत निपचित पडलेली गुलाबी बोंडअळी आपण विद्यार्थ्यांना दाखवतो आणि बजावतो, की ही मेलेली नाही, सुप्तावस्थेत आहे. हे दरवर्षी शिकवणाऱ्या मला गोठलेला पडदा पाहून तो प्रश्न पडला नाही.

तीन निरीक्षणे

पुढचा तासभर आम्ही यंत्रांना हात लावला नाही, केवळ पाहिले. तीन गोष्टी हाती आल्या.

पहिली. आठवड्यापूर्वी रुजू झालेल्या एका संशोधक विद्यार्थिनीचे लॉगिन त्याच यंत्रावर तत्काळ होत होते. जुन्या सर्वांचे अडकत होते.

दुसरी. व्यवस्थापकाच्या म्हणजे रूट खात्याने लॉगिन सुरळीत झाले, कारण त्या खात्याचे दप्तर संगणकाच्या स्वतःच्या डिस्कवर असते. यंत्र निरोगी होते, हे येथे सिद्ध झाले. प्रणालीच्या नोंदवहीत एकच तक्रार वारंवार आढळली : सर्व्हर प्रतिसाद देत नाही, प्रयत्न चालू आहे.

तिसरी. तोच सर्व्हर ‘पिंग’ या हाकेला मात्र क्षणात ओ देत होता.

सर्व्हर जिवंत आहे, तरी दप्तर मिळत नाही, आणि नवख्या विद्यार्थिनीला मात्र मिळते. या विसंगतीतच निदान दडले होते. लॉगिन होताना आदेश स्वीकारणारी शेल ही आज्ञावली दप्तरातून सुरुवातीच्या फाइली आणि जुन्या आदेशांचा इतिहास वाचते. विद्यार्थिनीच्या या साऱ्या फाइली अगदी लहान होत्या, तर आमच्या इतिहासात शेकडो ओळी होत्या. म्हणजे लहान माहिती पार होत होती आणि मोठी अडत होती. साधी पिंगची हाकही जेमतेम 84 बाइटची असते.

मग मोठी हाक मारून पाहिली. तुकडे न करता 1,472 बाइटचा मजकूर पाठवला, उत्तर आले. 8,972 बाइटचा पाठवला, उत्तर आले नाही. या दोन्हींत शीर्षकाचे 28 बाइट मिळवले की अनुक्रमे 1,500 आणि 9,000 हे आकडे येतात. इथरनेटवरील पाकिटाची नेहमीची मर्यादा 1,500 बाइट आहे. मोठ्या फाइली वेगाने जाव्यात म्हणून सर्व्हर व संगणकांवर ती 9,000 ठेवलेली होती. जुन्या स्विचला तशी मुभा दिलेली होती, नव्या स्विचला कोणी दिली नव्हती. तो मोठी पाकिटे मुकाट्याने टाकून देत होता. पूल ठेंगणा असला की खालून मोटारसायकल सहज जाते आणि उसाची भरलेली ट्रॉली अडते, तसा हा प्रकार होता. शिवाय या पुलाजवळ फलकही नव्हता, त्यामुळे ट्रॉली पुन्हा पुन्हा येऊन अडत होती.

सर्व्हर व संगणक या दोहोंवरील मर्यादा तात्पुरती 1,500 केली आणि अडकलेली सर्व लॉगिने काही वेळात पुढे सरकली. इतर दोन संगणकांवर शनिवारपासून उघडी असलेली कामे, ज्यांना मी सुदैवाने हात लावला नव्हता, ती एकही ओळ न गमावता जतन झाली. पुढे स्विचची मांडणी दुरुस्त करून मर्यादा पूर्ववत केली.

उशिराची किंमत

गेलेल्या नोंदी परत मिळाल्या त्या संगणकाच्या कृपेने नव्हेत. विदर्भातील कृषी सहायकांना एकेक करून दूरध्वनी केले. त्यांनी वह्या उघडून आकडे पुन्हा वाचून दाखवले. एक सहायक शेतात होते, त्यांची वही घरी होती. एका गावचा आकडा मंगळवारी संध्याकाळी मिळाला. सोमवारी जाणारा सल्ला बुधवारी गेला.

गुलाबी बोंडअळीच्या बाबतीत दोन दिवस म्हणजे किरकोळ उशीर नव्हे. अंडी साधारणतः तीन ते पाच दिवसांत उबतात आणि बाहेर पडलेली अळी अल्पावधीतच फुलात किंवा बोंडात शिरते. फुलात शिरली तर डोमकळी दिसते, बोंडात शिरली तर बाहेरून काहीच कळत नाही, आणि फवारणी तिच्यापर्यंत पोहोचत नाही. 2017 च्या हंगामात महाराष्ट्राने हे नुकसान सोसले आहे. सल्ला वेळेवर असणे हाच त्याचा निम्मा गुण असतो.

तपासणीचा क्रम

कपाशीत आकस्मिक मर आली की झाडे काही तासांत माना टाकतात आणि अनेकदा पहिला हात फवारणी पंपाकडे जातो. ही मर कोणत्याही रोगजंतूमुळे येत नाही, पाण्याच्या ताणानंतर अचानक झालेल्या ओलाव्याशी तिचा संबंध असतो. म्हणून फवारणी व्यर्थ जाते. अडकलेल्या लॉगिनवर यंत्र पुन्हा सुरू करणे ही अशीच फवारणी आहे. तिच्याआधी पुढील क्रमाने पाहावे.

1. व्याप्ती. अडचण एकाला आहे की सर्वांना? एकाच यंत्रावर आहे की सर्व यंत्रांवर? एकच व्यक्ती सर्व यंत्रांवर अडकत असेल तर दोष तिच्या दप्तरात शोधावा. सर्व व्यक्ती एकाच यंत्रावर अडकत असतील तर ते यंत्र किंवा त्याची तार पाहावी. सर्वत्र सर्वच अडकत असतील तर सर्व्हर किंवा मधला मार्ग पाहावा.

2. अडण्याची जागा. दूरस्थ लॉगिनमध्ये संकेतशब्द विचारण्यापूर्वीच विलंब होत असेल, तर नावावरून पत्ता किंवा पत्त्यावरून नाव शोधणाऱ्या डीएनएस सेवेकडे पाहावे. संकेतशब्दानंतर विलंब होत असेल तर खात्यांची सेवा किंवा दप्तराची जोडणी तपासावी. मागील लॉगिनची ओळ उमटून अडत असेल तर दप्तरातील सुरुवातीच्या फाइलींकडे वळावे.

3. स्थानिक खाते. ज्याचे दप्तर त्याच यंत्रावर आहे अशा खात्याने लॉगिन करावे. ते झाले तर यंत्रावरचा संशय संपतो. मात्र या खात्याच्या आज्ञावली शोधण्याच्या मार्गात नेटवर्कवरील जागा असेल तर तेही अडकते, म्हणून ती तेथे ठेवू नये.

4. न अडकणारे आदेश. डिस्कची स्थिती सांगणारा डीएफ हा आदेश प्रत्येक जोडणीला विचारणा करतो आणि स्वतःच अडकतो. त्याला ‘एल’ हा पर्याय जोडून केवळ स्थानिक डिस्कची स्थिती मागावी. प्रक्रियांची यादी देणाऱ्या पीएस आदेशात ज्या प्रक्रियेपुढे ‘डी’ हे अक्षर दिसते, ती कशाची तरी वाट पाहत आहे असे समजावे. एखादी प्रक्रिया मध्ये मध्ये क्षणभर अशी दिसणे स्वाभाविक आहे. तीच प्रक्रिया मिनिटे उलटली तरी तेथेच असेल तर तो पुरावा.

5. मार्ग. सर्व्हरला लहान हाक मारावी, मग मोठी. त्यानंतर एनएफएसचे 2049 क्रमांकाचे द्वार उघडे आहे का ते पाहावे.

6. सर्व्हर. तेथील डिस्क भरली आहे का? भरलेल्या डिस्कवर चित्रमय लॉगिन पुढे सरकते आणि लगेच मागे फिरते, तर साध्या पडद्यावरील लॉगिन होते. हे लक्षण ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

7. सर्वांत शेवटी बटण. तेही उघडी कामे असलेल्या व्यक्तीस विचारून, आणि पडद्यावर दिसणारी माहिती कागदावर उतरवून किंवा तिचे छायाचित्र घेऊन.

लहानसहान कारणेही कधी मोठा अडथळा करतात. सर्वांना लागू असलेल्या सुरुवातीच्या फाइलीत जागेची मर्यादा विचारणारा आदेश कोणी घातलेला असतो आणि त्याला उत्तर देणारी सर्व्हरवरील सेवा बंद पडलेली असते. कधी फाइलींना कुलूप लावणारी सेवा थांबलेली असते. कधी सर्व्हरवर दप्तराची जागा बदललेली असते आणि संगणक जुन्याच पत्त्यावर दार ठोठावत असतो. या सर्वांत वरचा क्रम उपयोगी पडतो, कारण तो लक्षणावरून औषधाकडे उडी न मारता एकेक शक्यता बाद करतो.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी

आपणांपैकी बहुतेकांचा संबंध मोबाइलवरील नोंदणीशी येतो, लिनक्सच्या पडद्याशी नाही. तरीही वरील पहिले दोन प्रश्न तेथे जसेच्या तसे लागू पडतात. शेजारच्या गावातील सहकाऱ्याचे ॲप चालते का? लॉगिन होत नाही, की लॉगिन होऊन माहिती जात नाही? या दोन प्रश्नांची उत्तरे देऊन तक्रार केली तर ती सोडवणाऱ्याचे काम बरेच हलके होते. लहान मजकूर जातो आणि छायाचित्र अडकते, असे दिसल्यास तेही आवर्जून कळवावे. नोंद ‘जात आहे’ असे दाखवत अडकली असेल तर तीच पुन्हा पुन्हा भरू नये, कारण मार्ग मोकळा झाल्यावर ती दुहेरी चढण्याची शक्यता असते. ॲप काढून पुन्हा घालणे हा शेवटचा उपाय समजावा. न पाठवलेल्या नोंदी त्याच्याबरोबर पुसल्या जाऊ शकतात.

आणि वही सोडू नये. सापळ्याचा क्रमांक, तारीख, पतंगांची संख्या, एवढे तीन रकाने पुरेत. ती वही शेतात जाणाऱ्या पिशवीतच असावी.

प्रयोगशाळांनी आपल्याकडून चार गोष्टी कराव्यात. प्रत्येक संगणकावर एक स्थानिक खाते असावे आणि त्याचा संकेतशब्द जबाबदार व्यक्तीकडे असावा. स्विच, तार किंवा सर्व्हर यांत केलेला प्रत्येक बदल तारखेनिशी एका नोंदवहीत लिहावा. आमच्याकडे ती असती तर सोमवारी सकाळी पहिल्याच पानावर उत्तर मिळाले असते. दुरुस्तीनंतर दिव्याचा हिरवा रंग पाहून न थांबता एक मोठी फाइल पाठवून पाहावी. नोंदी भरताना दर दहा-पंधरा ओळींनंतर जतन करावे, म्हणजे जतन होत नसल्याचे चाळीस ओळींनंतर कळण्याऐवजी पहिल्या पंधरा ओळींतच कळेल.

त्या आठवड्यात प्रयोगशाळेतील प्रत्येक यंत्राच्या बटणाजवळ आम्ही एक चिठ्ठी चिकटवली. तिच्यावर हिंदीत दोनच प्रश्न लिहिले होते : आणखी कोणाचे अडकले आहे? आणि उघडे काम कोणाचे आहे? सहकाऱ्यांनी त्यांच्या यंत्रावरील चिठ्ठी स्वतःच्या हाताने लिहिली. मला ते काही बोलले नाहीत.